इंधनाची काटकसर आणि वसई-विरार

वसईचा पश्चिम पट्टा हा पूर्वापार बागायतीचा प्रदेश होय. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ही येथील शेतकऱ्याची संपत्ती, तर अर्नाळा, नायगाव आणि पाचूबंदर येथील कोळी बांधवांची उपजीविका समुद्रावर अवलंबून. आगाशीची सुकेळी एकेकाळी दूरवर जात असत. या शांत परिसराचे रूप गेल्या काही दशकांत पार पालटले आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याची निर्मिती झाल्यावर हे शहर त्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे नागरी केंद्र ठरले.

एवढ्या मोठ्या लोकवस्तीला दररोज कामावर जावयाचे असते, भाजी बाजारात पोचवायची असते, मुलांना शाळेत सोडावयाचे असते. या प्रत्येक हालचालीला इंधन लागते. म्हणूनच पेट्रोलचा दर लिटरमागे एक रुपयाने वाढला तरी त्याची झळ दुचाकीस्वारालाच नव्हे, तर शेअर रिक्षाने स्थानक गाठणाऱ्या नोकरदाराला, मासळीच्या टोपलीला आणि घरातील भाजीच्या पिशवीलाही लागते. हा दर कसा ठरतो, वाहनात इंधन नेमके कोठे खर्च होते आणि पेट्रोलला कोणते पर्याय उपलब्ध आहेत, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

दर कसा ठरतो?

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. हे तेल डॉलरमध्ये खरेदी केले जाते व पिंपाच्या मापाने मोजले जाते. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर पिंपामागे १० डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे साधारणतः ५ रुपये ३५ पैशांची वाढ होय. रुपयाची किंमत घसरली तर तेलाचा भाव स्थिर असूनही आपला खर्च वाढतो. तेलाचा भाव आणि डॉलरचा भाव ही दोन्ही चाके एकाच वेळी फिरत असतात.

कच्च्या तेलाच्या किमतीत शुद्धीकरणाचा व वाहतुकीचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन, केंद्र शासनाचे उत्पादन शुल्क आणि राज्य शासनाचा मूल्यवर्धित कर मिळविल्यावर पंपावरील दर तयार होतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पेट्रोल व डिझेल त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे राज्याराज्यांतील दरांत फरक आढळतो. पूर्वी हे दर शासन ठरवीत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त करण्यात आले, आणि १६ जून २०१७ पासून देशभर दररोज दर निश्चित करण्याची पद्धत सुरू झाली.

जागतिक बाजारात तेल स्वस्त झाले की पंपावरील दर त्याच प्रमाणात उतरतो, असे मात्र नाही. २०२० मध्ये साथीच्या काळात तेलाचे भाव कोसळले, परंतु त्याच सुमारास उत्पादन शुल्कात वाढ झाल्याने ग्राहकाला त्याचा फारसा लाभ झाला नाही. पुढे मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांची मर्यादा ओलांडली, आणि २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो दर १२० रुपयांपलीकडे पोचला. त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्कात आणि जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने मूल्यवर्धित करात कपात केली. इंधनावरील कर हे शासनाच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे, आणि त्याचा भार सामान्य माणसाच्या खिशावरही पडतो. या दोहोंचा मेळ घालणे हा प्रत्येक अर्थसंकल्पातील अवघड प्रश्न असतो.

तेलसंकटाचा धडा

इंधनाच्या दरवाढीचा अनुभव नवा नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध भडकले आणि अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखून धरला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला तेलाचा भाव काही महिन्यांतच १२ डॉलरच्या घरात गेला. भारतासारख्या विकसनशील देशाला हा आघात फार मोठा होता. १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीनंतर दुसरा धक्का बसला.

त्या कठीण काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्याने देशाला मोठा आधार दिला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाच्या साहाय्याने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रतळाखाली तेल सापडले आणि मे १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’ येथून उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी अरबी समुद्रात नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र आढळले. त्याला वसईच्या जुन्या इंग्रजी नावावरून ‘बेसीन’ हे नाव मिळाले. तेथील वायू समुद्राखालील वाहिनीने गुजरातमधील हाजिरा येथे पोचविला जातो.

याच सुमारास, म्हणजे १९७८ मध्ये, इंधनाच्या बचतीचा प्रसार करण्यासाठी पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था स्थापन झाली. नवे तेल शोधणे जितके आवश्यक, तितकेच हाती असलेले तेल जपून वापरणेही आवश्यक, हा धडा त्या संकटाने दिला. तो आजही तितकाच खरा आहे.

एक लिटर पेट्रोलचे काय होते?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट विजेइतकी ऊर्जा साठविलेली असते. परंतु इंजिनात पेट्रोल जळते, तेव्हा त्यातील बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुरातून व रेडिएटरमधून निघून जाते. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. त्यातूनही बराच भाग ब्रेक लावताना वाया जातो.

यावरून वाहनचालकाच्या हाती बचतीचे किती साधन आहे, हे ध्यानात येईल. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ताशी ४५ किलोमीटरच्या मानाने हवेचा चौपट विरोध सोसावा लागतो. राष्ट्रीय महामार्गावरील मोकळ्या पट्ट्यात वाचविलेली पाच मिनिटे अशा प्रकारे पेट्रोलच्या रूपाने परत द्यावी लागतात. टायरमध्ये हवा कमी असेल, एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल अथवा क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याची सवय असेल, तरीही इंधन अधिक जळते. उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन सुरू राहिल्यास तासाला साधारणतः अर्धा ते एक लिटर पेट्रोल खर्ची पडते. महामार्गावरील कोंडीत किंवा रेल्वे स्थानकाबाहेर पाहुण्यांची वाट पाहत असताना इंजिन बंद करणे हा बचतीचा सर्वांत सोपा मार्ग होय.

वाहन विकत घेताना कंपनीने दिलेला मायलेजचा आकडाही डोळसपणे पाहिला पाहिजे. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्या करते. चाचणीत वेग व भार ठरावीक असतात. प्रत्यक्ष रस्त्यावर खड्डे, सिग्नल, पावसाचे पाणी आणि मागे बसलेला सोबती असतो. म्हणून दोन वाहनांची एकमेकांशी तुलना करण्यास हा आकडा उपयोगी, परंतु घरखर्चाचा अंदाज बांधताना त्यातून काही भाग वजा धरणे शहाणपणाचे ठरते. टाकी पूर्ण भरून, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवून, पुन्हा टाकी भरताना लागलेल्या लिटरांनी भागणे ही जुनी रीत आजही सर्वांत विश्वासार्ह आहे.

रिक्षा आणि नैसर्गिक वायू

वसई, नालासोपारा आणि विरार या स्थानकांबाहेर शेअर रिक्षांची रांग हे येथील नेहमीचे दृश्य आहे. तीन प्रवासी एकाच रिक्षाने गेले की दरमाणशी इंधन एक तृतीयांश लागते. ही पद्धत भाड्याच्या सोयीतून रूढ झाली असली, तरी ती इंधन बचतीची उत्तम योजना आहे.

या रिक्षांपैकी मोठ्या संख्येने रिक्षा आज सीएनजी, म्हणजेच दाबाखालील नैसर्गिक वायूवर चालतात. हा वायू मुख्यतः मिथेन असून तो सुमारे २०० पट वातावरणीय दाबाने टाकीत भरतात. एक किलो सीएनजीमध्ये साधारणतः दीड लिटर पेट्रोलइतकी उष्णता असते. त्यामुळे किलोचा दर आणि लिटरचा दर यांची थेट तुलना केल्यास हिशेब चुकतो. सीएनजीच्या दराला दीडने भागून मग तो पेट्रोलच्या दराशी ताडून पाहावा. या वायूच्या ज्वलनातून काजळी फारच कमी निघते, हा दाट वस्तीच्या शहराला मिळणारा आणखी एक लाभ.

या पर्यायाच्या मर्यादाही आहेत. टाकी जड असते व सामानाची जागा अडवते, वायू भरण्यासाठी रांगेत थांबावे लागते आणि रिक्षाचालकाचा रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेली कमाई होय. टाकीची मुदतीत दाबचाचणी करून घेणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यावश्यक असते. शिवाय देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचाही मोठा भाग आयात होतो. तेव्हा सीएनजी हे तेलावरील अवलंबन कमी करणारे साधन असले, तरी आयातीपासून पूर्ण मुक्ती देणारे नव्हे.

उसापासून इंधन

महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांमुळे इथेनॉल हा विषय राज्याच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. उसाची मळी, उसाचा रस, तसेच मका व खराब धान्य यांपासून हे मद्यार्क तयार करतात. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण देशभर १० टक्क्यांवर पोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य गाठण्यात आले.

त्यामुळे परकीय चलन वाचते आणि ऊस उत्पादकांचे पैसे वेळेवर मिळण्यास मदत होते. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागील ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. अशा मिश्रणासाठी बनविलेल्या नव्या इंजिनांत ही घट काही अंशी भरून निघते. जुन्या वाहनांत मात्र मायलेज थोडे उतरते, आणि रबरी नळ्या व वॉशर यांच्याकडे लक्ष द्यावे लागते. अशा वाहनांच्या मालकांनी नियमित तपासणी करून घेणे हितावह होय. उसाला लागणारे पाणी हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे, म्हणूनच मक्यासारख्या अन्य पिकांकडे लक्ष वळविले जात आहे.

विजेवरील वाहन

विजेच्या मोटरमध्ये मिळालेल्या विजेपैकी ८५ ते ९० टक्के ऊर्जा गतीत रूपांतरित होते. म्हणूनच हिशेब एकदम बदलतो. पेट्रोलवरील स्कूटर लिटरला ५० किलोमीटर जाते असे धरले, पेट्रोलचा दर १०० रुपये मानला, तर किलोमीटरला २ रुपये खर्च येतो. विजेवरील स्कूटर एका युनिटमध्ये साधारणतः ३० किलोमीटर चालते. युनिटचा दर १० रुपये मानल्यास किलोमीटरला सुमारे ३३ पैसे पडतात. रोज २० किलोमीटर व महिन्यातून २५ दिवस प्रवास करणाऱ्याचा इंधनखर्च १,००० रुपयांवरून १७० रुपयांच्या आसपास येतो. ज्याच्या घरी चार आकडी बचत हीच मुलांच्या शिकवणीची फी असते, त्याला या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तथापि वीज तरी कोठून येते, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यातील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून निर्माण होते, आणि घरी पोचणाऱ्या एका युनिटसाठी वीजकेंद्रात तीन युनिटांहून अधिक उष्णता खर्च होते. ही घट मोजूनही विजेवरील स्कूटरला पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा मूळ ऊर्जा बरीच कमी लागते, आणि धूर दाट वस्तीत निघत नाही. पालघर जिल्ह्यातच तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, ही जिल्ह्याला अभिमान वाटावी अशी बाब आहे. सूर्य, वारा, पाणी आणि अणू यांपासूनच्या विजेचा वाटा जसजसा वाढेल, तसतसे प्रत्येक जुने विद्युत वाहनही आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोल वाहनाच्या बाबतीत असे घडत नाही.

अडचणी कोणत्या? एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटही जेमतेम मावते. म्हणून बॅटरी जड व महाग असते आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते. विजेच्या वाहनाची खरेदी किंमत व बॅटरीचा खर्च हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा. जो रोज भरपूर अंतर कापतो, त्याचा पैसा लवकर वसूल होतो. जो आठवड्यातून एकदा वाहन काढतो, त्याला घाई करण्याचे कारण नाही.

वसई-विरारमध्ये बहुसंख्य लोक सदनिकांत राहतात. वाहन इमारतीखाली, वीजजोडणी चौथ्या मजल्यावर, अशी स्थिती असते. खिडकीतून वायर खाली सोडून वाहन भारित करणे धोक्याचे आहे. गृहनिर्माण संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून, योग्य अर्थिंग व स्वतंत्र मीटरसह भारणाची सोय करावी. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला व वीजपुरवठाही खंडित झाला होता, याचे स्मरण ठेवून ही जागा पाणी साचणाऱ्या पातळीपेक्षा उंच असावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. राज्य परिवहन महामंडळाची पहिली ‘शिवाई’ विद्युत बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस याच मार्गावर निघाली होती.

१९३६ चा विद्युत मार्ग

विजेवरील प्रवास ही वसई-विरारला मात्र नवलाई नाही. विरारहून मुंबईकडे आगगाडी १८६७ मध्येच सुरू झाली होती. ती वाफेवर चालत असे. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत या मार्गाचे विद्युतीकरण झाले. पेट्रोलला पर्याय कोणता, या आज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर येथील रुळांवर तेव्हापासून धावत आहे.

या उत्तराचे मोल आकड्यांतच पाहावे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. गर्दीच्या वेळी एका लोकलमधून प्रवास करणाऱ्यांपैकी ३,००० जण जर एकेकट्याने दुचाकीवरून निघाले, तर लिटरला ५० किलोमीटर या दराने एका फेरीसाठी ३,६०० लिटर पेट्रोल लागेल. आणि हा हिशेब केवळ एका गाडीचा. पहाटेच्या लोकलने फुले व भाजी घेऊन दादर गाठणारा वसईचा बागायतदार वर्षानुवर्षे हीच बचत करीत आला आहे. नव्या गाड्यांत ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज पुन्हा तारेत सोडण्याची सोय असल्याने या मार्गावरील बचतीत भर पडली आहे. मात्र गर्दीमुळे ज्याला डब्यात पायच ठेवता येत नाही, तो अखेर दुचाकी वा मोटार काढतो. म्हणून लोकलच्या फेऱ्या, स्थानकाकडे जाणाऱ्या बस आणि चालण्याजोगे पदपथ यांवर केलेला खर्च हा इंधन बचतीवरीलच खर्च समजला पाहिजे.

खाडीवरील जवळचा मार्ग

इंजिन न बदलताही इंधन वाचविता येते, आणि ते अंतर कमी करून. वसई व भाईंदर यांच्यामध्ये खाडी आहे. आगगाडीने ती काही मिनिटांत ओलांडता येते, परंतु वाहन घेऊन जाणाऱ्याला महामार्गाने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई किल्ल्याजवळील जेट्टीवरून भाईंदरला जाणारी रो-रो नौकासेवा सुरू झाली. हे जलमार्गाचे अंतर ४ किलोमीटरहूनही कमी आहे. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीचे त्यामुळे एका फेरीत सुमारे अडीच लिटर पेट्रोल वाचते. पुढे २०२५ मध्ये वैतरणा खाडीवर विरार ते जलसार अशी सेवा सुरू झाली. तेथे सुमारे दीड किलोमीटरच्या जलमार्गाने सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता टळतो. सफाळे परिसरातील शेतमाल व मासळी यांना त्याचा विशेष उपयोग आहे. नौकेलाही डिझेल लागते हे खरे. म्हणून नौका भरून जाईल, अशा वेळा व असे दर राखणे आवश्यक ठरते. सोपाऱ्याच्या प्राचीन बंदरापासून जलवाहतुकीची परंपरा असलेल्या या प्रदेशाला खाडी हा अडथळा नसून रस्ता आहे, याची आठवण या सेवांनी करून दिली.

सर्वांचा वाटा

या सर्व पर्यायांत एकच एक असा रामबाण उपाय नाही. दूरच्या नोकरीसाठी लोकल, स्थानकापर्यंत बस, शेअर रिक्षा वा सायकल, गावातल्या फेऱ्यांसाठी विजेची दुचाकी, खाडीपलीकडे वाहन न्यावयाचे तर नौका आणि जेथे पेट्रोलच हवे तेथे नीट राखलेले इंजिन, अशी कामाप्रमाणे निवड केली पाहिजे. पूर्वी ज्याप्रमाणे शेतकरी कोणत्या शेताला किती पाणी हे ठरवून पाट फिरवीत असे, त्याप्रमाणे कुटुंबानेही कोणत्या प्रवासाला कोणते इंधन याचा हिशेब मांडावा.

जागतिक बाजारातील तेलाचा भाव वसईच्या रहिवाशाच्या हाती नाही. परंतु महिन्याला किती लिटर जाळावयाचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे. लक्षावधी नागरिकांनी दिवसाला पाव लिटर वाचविले, तरी त्यातून देशाचे परकीय चलन, शहराची हवा आणि घरातील चार पैसे या तिन्ही गोष्टी वाचतात. शासन धोरण आखू शकते, महानगरपालिका बस व रस्ते देऊ शकते, पण अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या प्रत्येक घराने साथ दिली तरच त्या धोरणाला फळ येईल.